तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर पुन्हा बोलणं, पुन्हा चावणं: कुठून आणि कशी सुरुवात करायची

ऑपरेशन झालं, गाठ निघाली, घरच्यांचा जीव भांड्यात पडला, की लगेच दुसरे प्रश्न समोर येतात. बोललेलं कुणाला कळत नाही. घास तोंडात फिरत नाही. पाणी नाकावाटे बाहेर येतं. दात कधी बसवणार असं विचारलं की "ते नंतर बघू" असं उत्तर मिळतं. या लेखात त्या "नंतर"चा क्रम सांगितला आहे. त्यातली बरीचशी कामं खरं तर पुढे ढकलून चालत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. बोलणं, चावणं, गिळणं, दात बसवणं या सगळ्यांच्या आधी जपायची गोष्ट म्हणजे तोंड उघडणं. जबडा आखडला तर घास आत जात नाही, दात घासता येत नाहीत, कवळीसाठी माप घेणारा साचा आत शिरत नाही, इम्प्लांट (दातांना आधार द्यायला हाडात बसवायचा धातूचा खुंट) बसवायचं यंत्र दाढेपर्यंत पोहोचत नाही आणि डॉक्टरांना आत नीट पाहताही येत नाही. दुर्लक्षही नेमकं याच गोष्टीकडे होतं, कारण पहिले काही आठवडे तोंड बरं उघडत असतं.

ऑपरेशनच्या आधी

तारीख अजून यायची असेल तर सर्जनखेरीज दोन तज्ज्ञांना भेटून घ्या. एक स्पीच थेरपिस्ट, म्हणजे बोलणं आणि गिळणं पुन्हा शिकवणारे तज्ज्ञ, आणि दुसरे प्रोस्थोडॉन्टिस्ट, म्हणजे कवळी, इम्प्लांट, कृत्रिम टाळू यांचं काम करणारे दंततज्ज्ञ. ऑपरेशनच्या आधी घेतलेली दातांची आणि टाळूची मापं नंतर पुन्हा कधीच मिळत नाहीत. टाळूचा भाग काढायचा असेल तर त्या मापांवरून तात्पुरती प्लेट आधीच बनवता येते आणि ऑपरेशनच्या टेबलावरच बसवता येते. पेशंट शुद्धीवर येतो तेव्हा तोंड आणि नाक यांच्यामध्ये पडदा असतो. सुरुवातीच्या दिवसांत याने पडणारा फरक मोठा असतो.

किडलेल्या, हलणाऱ्या दातांचा निर्णयही याच वेळी घ्यायचा. पुढे रेडिएशन लागणार असेल तर वाचणार नाहीत असे दात आधी काढून टाकतात आणि जखम भरायला दोन-तीन आठवडे देतात. रेडिएशन मिळालेल्या जबड्यातला दात नंतर उपटला तर हाड भरून न येता कुजण्याचा धोका असतो, आणि खालच्या जबड्यात तो जास्त.

आणखी दोन छोटी कामं घरीच करा. तोंड पूर्ण उघडून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मिलीमीटरमध्ये मोजून तारखेसह लिहून ठेवा. आणि मोबाइलवर आपला आवाज रेकॉर्ड करा: एखादा परिच्छेद वाचा, घरच्यांची नावं घ्या, रोजची वाक्यं बोला. पुढे कोणत्या अक्षराला काय झालंय हे ठरवायला थेरपिस्टला याची मदत होते. स्वरयंत्रच काढायचं असेल तर हा आवाज अनमोल आहे, कारण अशा रेकॉर्डिंगवरून तुमच्या आवाजासारखा संगणकीय आवाज तयार करता येतो.

काय काढलं, काय लावलं, ते समजून घ्या

डिस्चार्जच्या कागदावर सगळं लिहिलेलं असतं, पण सर्जनकडून सोप्या भाषेत तीन गोष्टी विचारून घ्या. जीभ किती उरली? जबड्याचं हाड सलग आहे की मधून कापलंय? कुठल्या नसा गेल्या?

जिभेच्या जागी मनगटाजवळची पातळ त्वचा किंवा मांडीची जाडसर त्वचा लावलेली असते. तिला फ्लॅप म्हणतात. घरात तिला "नवी जीभ" म्हटलं जातं आणि मग ती हलत का नाही म्हणून पेशंट खचतो. फ्लॅप जागा भरतो, उरलेल्या जिभेला मोकळं ठेवतो, पण स्वतःहून हलत नाही. काम उरलेल्या जिभेनेच करायचं असतं. जबड्याच्या जागी बहुतेक वेळा पायातलं बारीक हाड, फिब्युला, वापरतात. खालच्या जबड्यासाठी हे हाड वापरण्याची पद्धत १९८९ मध्ये अमेरिकन सर्जन डेव्हिड हिडाल्गो यांनी मांडली. या हाडात पुढे इम्प्लांट बसू शकतात, म्हणून दातांच्या दृष्टीने ते फार उपयोगाचं आहे.

ओठाची, हनुवटीची किंवा जिभेची जाणीव गेली असेल तर गरम पदार्थाने भाजतं आणि ते कळत नाही, ओठ दाताखाली येतो, घास गालात अडकून राहतो. जेवताना समोर आरसा ठेवणं हा यावरचा साधा आणि चांगला उपाय आहे. लाज वाटून घेऊ नका.

नळ्या असतानाचे दिवस

नाकातून पोटात जाणारी नळी असली म्हणजे तोंड बंद ठेवायचं असं नाही. काय करायचं ते विचारा. टाके भरेपर्यंत गिळायला बंदी असली तरी गुळण्या, मऊ ब्रश, तोंडाची स्वच्छता करू देतात. अस्वच्छ तोंडातली लाळ चुकून फुफ्फुसात गेली तर न्यूमोनिया होतो, त्यामुळे ही नुसती टापटीप नाही.

गळ्याला श्वासाची नळी असेल आणि बोलण्यासाठी त्यावर झडप लावायची असेल तर एक नियम घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा: नळीभोवतीचा फुगा पूर्ण रिकामा केल्याशिवाय झडप कधीही लावायची नाही. फुगा भरलेला असताना झडप लावली तर श्वास आत जातो, बाहेर यायला वाट राहत नाही. हे काम आधी हॉस्पिटलमध्ये शिकून घ्या, घरी प्रयोग नको.

आधी गिळणं, मग चावणं

घास बारीक करता आला पण सुरक्षित गिळता आला नाही तर काही उपयोग नाही. म्हणून थेरपिस्ट आधी गिळणं तपासतात. कधी बेरियम (एक्स-रेत दिसणारं द्रव) पाजून एक्स-रेचा व्हिडिओ काढतात, कधी नाकातून बारीक कॅमेरा घालून घसा पाहतात. ही तपासणी करून घ्याच. ठसका लागत नाही म्हणजे सगळं ठीक असं समजू नका. रेडिएशननंतर घशाची जाणीव कमी होते आणि अन्न श्वासनलिकेत गेलं तरी खोकला येत नाही. जेवल्यावर आवाज ओला, घरघरता होणं, वारंवार बारीक ताप, वजन उतरणं, या खुणा ठसक्याइतक्याच गंभीर आहेत.

तपासणीवरून कुठल्या घट्टपणाचं अन्न चालेल ते ठरतं. पातळ पाणी सगळ्यात सोपं असेल असं वाटतं, पण अनेकांना तेच सगळ्यात अवघड जातं, कारण ते जिभेला सावरायच्या आत घशात पळतं. दाट द्रव आवरता येतो. उलट उरलेली जीभ अगदी कमी असेल तर दाट पदार्थ मागे ढकलताच येत नाही आणि पातळच बरं पडतं. म्हणजे दुसऱ्या पेशंटला जमलेलं तुम्हाला जमेलच असं नाही. द्रवाचा आणि अन्नाचा घट्टपणा ठरवायला जगभर ० ते ७ अशा पायऱ्यांची एक पद्धत वापरतात. द्रव घरी १० मिलीलिटरच्या सिरिंजने तपासता येतो: सिरिंज भरून खालून १० सेकंद वाहू द्यायचं आणि आत किती उरलं ते पाहायचं. ठरलेली सिरिंज आणि नीट रीत थेरपिस्टकडून एकदा दाखवून घ्या.

मान कशी ठेवायची हेही तपासणीतच ठरतं. हनुवटी छातीकडे झुकवणं, कमजोर बाजूकडे मान वळवणं, चांगल्या बाजूला डोकं कलतं करणं, प्रत्येकाचा उपयोग वेगळा आहे. चुकीची निवड केली तर अन्न नको त्या वाटेला जातं, म्हणून अंदाजाने करू नका. जोर लावून गिळणं, जिभेचं टोक दातांत धरून गिळणं असे व्यायामही शिकवतात. यातला जीभ धरून करायचा व्यायाम फक्त लाळेवर करायचा, तोंडात घास असताना नाही.

रेडिएशन चालू असताना घसा सोलवटतो आणि सगळं नळीवर सोडून द्यावंसं वाटतं. तरी डॉक्टरांनी मना केलं नसेल तर रोज थोडं का होईना गिळत राहा. ज्या स्नायूंना काम मिळत नाही ते लवकर बारीक होतात, आणि गमावलेलं गिळणं परत मिळवणं चालू असलेलं टिकवण्यापेक्षा कितीतरी कठीण असतं.

तोंड उघडणं: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून उभी करा आणि पुढच्या दातांमध्ये जातात का पाहा. जात नसतील तर तोंड आखडतंय. मोजपट्टीवर ३५ मिलीमीटर किंवा त्याहून कमी उघडत असेल तर त्याला ट्रिसमस म्हणतात. पुढचे दात नसतील तर हा आकडा जसाच्या तसा लागू होत नाही. तेव्हा हिरडीपासून हिरडीपर्यंतचं अंतर मोजा आणि आकडा आधीपेक्षा घटतोय का तेवढं पाहा.

आखडण्याची कारणं एकात एक मिसळलेली असतात. ऑपरेशनचा व्रण आकसतो. चावायचे स्नायू दुखतात म्हणून माणूस ते वापरत नाही, आणि न वापरल्याने ते आणखी कडक होतात. त्यावर रेडिएशनने स्नायूंच्या जागी ताठर तंतू तयार होतात, आणि ही क्रिया शेवटच्या सेशनबरोबर थांबत नाही. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालू राहते. म्हणून "रेडिएशन संपलं, आता व्यायामही संपला" हा हिशेब फसतो.

व्यायाम कधी सुरू करायचा हे सर्जनच सांगतील. ताज्या फ्लॅपवर किंवा हाड जोडायला नुकत्याच बसवलेल्या धातूच्या प्लेटवर ताण द्यायचा नसतो. परवानगी मिळाली की क्रम असा ठेवा. आधी जबडा स्वतःच्या ताकदीने दुखेपर्यंत नाही, पण चांगला ताण जाणवेपर्यंत उघडा आणि काही सेकंद धरा. मग डावीकडे, उजवीकडे, पुढे सरकवा. त्यानंतर बाहेरून मदत द्यायची: अंगठा वरच्या दातांवर, तर्जनी खालच्या दातांवर कात्रीसारखी ठेवून हळू ताण द्या.

हे पुरत नसेल तर जीभ दाबून बघायला डॉक्टर वापरतात त्या चपट्या लाकडी पट्ट्या घ्या. मागच्या दातांमध्ये जेमतेम मावतील इतक्या पट्ट्यांची चळत ठेवायची, थांबायचं, आणि जबडा सैलावला की मधोमध आणखी एक सरकवायची. एक पट्टी साधारण दीड-दोन मिलीमीटर जाड असते, त्यामुळे प्रगती पट्ट्यांच्या संख्येत दिसते आणि हुरूप टिकतो. हाताने दाबून जबडा उघडणारी उपकरणंही मिळतात. त्यांच्यासोबत दिलं जाणारं एक वेळापत्रक लक्षात ठेवायला सोपं आहे: एका वेळी ७ ताण, प्रत्येक ७ सेकंदांचा, दिवसातून ७ वेळा. हलणाऱ्या दातांवर किंवा कमजोर हाडावर कुठलंही साधन वापरण्याआधी दंततज्ज्ञांना दाखवा.

माझं मत विचाराल तर उपकरण कुठलं यापेक्षा दिवसातून किती वेळा करता हे जास्त मोलाचं. संध्याकाळी एकदा अर्धा तास झटण्यापेक्षा दिवसभरात थोडं थोडं विभागून करा. वेदनाशामक गोळी चालू असेल तर ती घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने व्यायामाला बसा. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी मोजून वहीत आकडा लिहा. सकाळचा आकडा संध्याकाळच्या आकड्याशी ताडून पाहू नका, सकाळी जबडा जास्त ताठ असतो.

बोलणं: वर्णमालाच तुमचा नकाशा

आपली वर्णमाला उच्चाराच्या जागेप्रमाणे लावलेली आहे, आणि या कामात तिचा थेट उपयोग होतो. कवर्ग जिभेच्या मुळाशी, चवर्ग टाळूपाशी, टवर्ग जिभेचं टोक मागे वळवून, तवर्ग दातांपाशी, पवर्ग ओठांनी. एका शांत दुपारी क पासून म पर्यंत सगळी अक्षरं म्हणून रेकॉर्ड करा आणि घराबाहेरच्या कुणाला तरी ऐकवून ओळखायला सांगा. घरच्यांना सवय झालेली असते, त्यांचा कान खरा निकाल देत नाही. कुठला वर्ग ढासळला ते लगेच कळेल.

जिभेच्या टोकाचा भाग गेला असेल तर त, द, न, ल, स यांना त्रास होतो आणि ट, ड, ण, ळ, र यांना त्याहून जास्त, कारण तिथे टोक वळवावं लागतं. मराठीत चाक मधला च आणि चंद्र मधला च वेगळे आहेत. त्यांतला एक जमेल, दुसरा नाही, असंही होतं. मागचा भाग गेला असेल तर क आणि ग निसटतात.

पहिलं उद्दिष्ट ऐकणाऱ्याला शब्द कळणं हे आहे. उच्चार पूर्वीसारखा होणं दुय्यम. त साठी जीभ दाताला पोहोचत नसेल तर खालचा ओठ वरच्या दातांना टेकवून तशाच आवाजाच्या जवळ जाता येतं. जिभेच्या टोकाऐवजी जिभेचं पातं, म्हणजे टोकामागचा चपटा भाग, वापरता येतं. थेरपिस्ट अशा पर्यायी जागा शोधून देतात. आरशासमोर आधी सुटं अक्षर, मग अक्षराला स्वर जोडून (ता, ती, तू), मग शब्द, मग वाक्य असं पुढे जा. वाक्यात वेग निम्म्यावर आणा आणि ओठ, जबडा नेहमीपेक्षा जास्त हलवा. नुसता वेग कमी केला तरी समजण्यात फरक पडतो.

ऐकणाऱ्यांचंही काम आहे. "काय? काय?" म्हणू नका. जेवढं कळलं तेवढं परत म्हणा: "बाबा, उद्या दवाखान्यात इथपर्यंत कळलं, पुढचं सांगा." पूर्ण वाक्य पुन्हा बोलायचे कष्ट वाचतात. त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. विषय बदलताना पेशंटने आधी एका शब्दात विषय सांगावा, मग बोलावं. साध्या फोनवर स, श सारखे आवाज नीट पोहोचत नाहीत. व्हिडिओ कॉलवर ओठ दिसतात म्हणून ते सोपं जातं.

जीभ बरीच गेली असेल आणि टाळूपर्यंत पोहोचतच नसेल तर टाळू खाली आणता येते. प्रोस्थोडॉन्टिस्ट वरच्या दातांना अडकणारी जाडसर प्लेट बनवतात, आणि तिची जाडी तुमच्या उरलेल्या जिभेच्या हालचालीवरून ठरवतात. बोलण्याला मदत होते, गिळण्यालाही. ही सोय आहे हेच अनेकांना माहीत नसतं, म्हणून स्वतःहून विचारा.

टाळू गेली असेल तर

वरचा जबडा आणि टाळू यांचा भाग निघाला की तोंड आणि नाक एक होतं. प, ब, त, द यांसाठी तोंडात हवा साठतच नाही आणि "बस" चं "मस" होतं. तपासायची सोपी युक्ती: ज्यात एकही अनुनासिक नाही असं वाक्य म्हणा, जसं "काकू परत घरी गेली". एकदा नाक मोकळं ठेवून आणि एकदा चिमटीत धरून. आवाजात फरक पडला तर हवा नाकात निसटतेय.

उपाय म्हणजे भोक बुजवणारी कवळी, ऑब्च्युरेटर. ऑपरेशनवेळची, मग जखम भरेपर्यंतची, आणि जखम स्थिरावल्यावर, साधारण काही महिन्यांनी, कायमची, असे तीन टप्पे असतात. मधल्या काळात भोकाचा आकार बदलत राहतो, त्यामुळे कवळी गळायला लागली की ती बिघडली असं नाही, तिला पुन्हा अस्तर लावायची वेळ झाली. सुरुवातीच्या काळात ती बराच वेळ काढून ठेवू नका, ऊतक आकसतात आणि ती परत बसत नाही. प्रत्येक खाण्यानंतर कवळी आणि पोकळी दोन्ही धुवायची.

दात आणि चावणं

खालचा जबडा मधून कापून हाड न जोडता ठेवला असेल तर उरलेला जबडा ऑपरेशनच्या बाजूला ओढला जातो आणि वरखालचे दात जुळत नाहीत. पुरेसे दात शिल्लक असतील तर त्यांना अडकवायची एक मार्गदर्शक पट्टी मिळते. ती जबडा मिटताना जागेवर आणते. लवकर वापरली तरच तिचा गुण येतो, व्रण कडक झाल्यावर नाही.

साधी कवळी फ्लॅपवर सहसा टिकत नाही. खाली हिरडीचा उंचवटा नसतो, गाल आणि जबड्यामधली खाच नसते, त्वचा हलते आणि लाळ कमी असते. म्हणून शक्य असेल तिथे इम्प्लांटचा आधार घेतात. हाडाला धातू जोडला जायला तीन ते सहा महिने लागतात. ही जोडणी टायटॅनियममध्ये होते हे स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रेनमार्क यांनी शोधलं आणि १९६५ मध्ये पहिल्या पेशंटला असे इम्प्लांट बसवले. इम्प्लांट जबड्याच्या ऑपरेशनमध्येच घालतात किंवा नंतर. हाडाला रेडिएशन मिळालं असेल तर वाट पाहायची का, किती, हा निर्णय डोस आणि जागा पाहून सर्जन आणि दंततज्ज्ञ मिळून घेतात. तंबाखू पूर्ण सुटलेली नसेल तर इम्प्लांट निकामी होण्याची शक्यता वाढते, आणि कॅन्सर परत येण्याचीही.

दात बसले की लगेच पूर्वीसारखं चावता येत नाही. घास दाढेखाली आणून ठेवायचं काम जीभ करते, दात नव्हेत. म्हणून चांगल्या बाजूने, अगदी लहान घास घेऊन, मऊ पदार्थांपासून सुरुवात करा. काट्याने दाबल्यावर सहज चुरडतो तोच पदार्थ आधी. एकाच घासात पातळ आणि घट्ट असं मिश्रण शेवटी घ्या, ते सांभाळायला सगळ्यात अवघड.

रेडिएशन झालं असेल तर उरलेले दात जपण्यासाठी दंततज्ज्ञ फ्लुओराइडची जेल आणि ती लावायचे साचे देतात. लाळ कमी झाल्यावर दात हिरडीलगत झपाट्याने किडतात, त्यामुळे हे आयुष्यभराचं काम आहे.

स्वरयंत्र काढलं असेल तर

यात चावणं शाबूत राहतं, आवाज जातो. तीन वाटा आहेत: गळ्याला लावायचं कंप देणारं यंत्र, अन्ननलिकेत हवा घेऊन बोलणं, आणि श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामध्ये बसवलेली झडप. मार्क सिंगर आणि एरिक ब्लॉम यांनी १९८० मध्ये मांडलेली ही तिसरी पद्धत आज बऱ्याच ठिकाणी पहिली निवड आहे. झडप काही महिन्यांनी बदलावी लागते. पाणी पिताना तिच्यातून गळून खोकला आला तर ती वेळ आली समजा. घरात आणि खिशात एक चिठ्ठी ठेवा: हा माणूस फक्त गळ्यावरच्या छिद्रातून श्वास घेतो, ऑक्सिजन तिथेच द्या.

वाट न पाहता सर्जनकडे कधी जायचं

तोंड उघडण्याचा आकडा व्यायाम चालू असताना भराभर घसरला, दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, हिरडीतून हाड उघडं पडलं, मानेत नवी गाठ लागली, कानात किंवा जबड्यात नवी कळ सुरू झाली, बरं झालेलं बोलणं किंवा गिळणं पुन्हा बिघडू लागलं, तर पुढच्या ठरलेल्या तारखेपर्यंत थांबू नका. आकड्यांची वही सोबत न्या. रक्तस्राव झाला किंवा श्वास कोंडला तर थेट इमर्जन्सीत जा.